मोजणारा आणि मोजला जाणारा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निसर्गविज्ञानाची पद्धत समाजाच्या अभ्यासाला लागू पडते काय, असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. हा विद्यापीठातील परिसंवादाचा विषय असून कार्यकर्त्यांच्या शिबिरात त्याचे काय काम, असे काही साथींना वाटणे शक्य आहे. काल सायंकाळपर्यंत मलाही थोडेसे तसेच वाटत होते. परंतु काल रात्री जेवणानंतर तालुक्यातील पाच गावांतल्या शेतमजूर कुटुंबांची पाहणी करण्याच्या प्रस्तावावर जी चर्चा झाली, ती ऐकल्यावर माझे मत बदलले. एक तरुण साथी म्हणाले की आपला समाजवाद शास्त्रीय आहे. समाजाचे नियम आपल्याला ठाऊक आहेत. मजूर का गरीब आहे हे कळण्यासाठी तक्ते भरण्याची गरज काय? दुसरे साथी उठले आणि म्हणाले की आकडे हे नेहमी सत्तेच्या बाजूचे असतात, माणसे मोजायची नसतात, त्यांच्याबरोबर लढायचे असते. दोघांनाही टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांमुळे मी अस्वस्थ झालो. पहिल्याने शास्त्राचे नाव घेऊन तपासणी नाकारली, दुसऱ्याने माणुसकीचे नाव घेऊन तपासणी नाकारली, आणि दोघेही एकाच ठिकाणी येऊन पोचले.

मी जन्मभर अर्थशास्त्र शिकवले. आमच्या विषयाला भौतिकशास्त्राचा हेवा फार जुना आहे. ऑग्यूस्त काँतने समाजाच्या अभ्यासाला आरंभी नावच 'सामाजिक भौतिकी' असे दिले होते. समाजशास्त्र हा शब्द त्याने नंतर योजला. मीही तीस वर्षे फळ्यावर मागणीचे आणि पुरवठ्याचे वक्र काढीत आलो. ते जिथे छेदतात तिथे किंमत ठरते असे सांगताना, ज्वारीच्या बाजारात गरजू शेतकरी आणि अडत्या यांची गाठ कशी पडते हे मला पुरते ठाऊक होते. हेव्यातून नक्कल जन्मते. पण नक्कल वाईट म्हणून मूळही वाईट, असे होत नाही. निसर्गविज्ञानाचे खरे सामर्थ्य त्याच्या दुर्बिणीत किंवा समीकरणांत नाही. आपले म्हणणे चुकीचे ठरू शकेल अशा रीतीने मांडायचे, ते कसे तपासले हे दुसऱ्याला दाखवायचे आणि तपासणीत ते टिकले नाही तर सोडून द्यायचे, ही शिस्त हे त्याचे सामर्थ्य होय. ही शिस्त समाजाच्या अभ्यासाला लागू पडते की नाही, आणि पडत असेल तर कुठवर, असा खरा प्रश्न आहे. तत्त्वचर्चेत न शिरता आपल्या देशातील मोजणीच्या काही प्रत्यक्ष उदाहरणांवरून मी त्याचा विचार करणार आहे.

पहिले उदाहरण नाकाचे आहे. हर्बर्ट रिस्ले नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने गेल्या शतकाआधीच्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातील जातींच्या लोकांची डोकी आणि नाके मोजली. नाकाची रुंदी व लांबी यांचे गुणोत्तर काढून, नाक जितके रुंद तितकी जातीची सामाजिक पायरी खालची, असा जणू निसर्गनियमच त्याने मांडला. मापे होती, तक्ते होते, दशांश चिन्हे होती. शास्त्राची सर्व वस्त्रे होती. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त म्हणून त्याने जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार क्रमवारी लावण्याचाही घाट घातला. तेव्हा एक अशी गोष्ट घडली जी प्रयोगशाळेत कधी घडत नाही. ज्यांची मोजणी होत होती ते लोक बोलू लागले. ठिकठिकाणच्या जातींनी सभा भरवल्या, संघटना काढल्या, आमची पायरी वरची आहे असे अर्ज धाडले. गंधकाला तुम्ही कोणत्या रकान्यात घातले याचे गंधकाला सोयरसुतक नसते. माणसाला असते, कारण त्या रकान्याने त्याचे उद्याचे जगणे बदलते.

या प्रकरणाचा उत्तरार्ध मात्र आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणाऱ्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात याच मापांची फेरतपासणी करून रिस्लेच्या निष्कर्षाला आव्हान दिले. पुढे १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावरील आपल्या पुस्तकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही मापे हाती घेतली आणि त्यांच्याच आधारे दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे दोन भिन्न वंश आहेत, या समजुतीला मापे दुजोरा देत नाहीत. बाबासाहेब असे म्हणू शकले असते की माणसाचे नाक मोजणे हाच अपमान आहे, मी तुमच्या तक्त्यांकडे पाहणारही नाही. तसे म्हणण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला होता? पण त्यांनी तक्ता उघडला, आकडे वाचले आणि आकड्यांनीच आकडेवाल्याचा दावा खोडला. काल रात्रीच्या दुसऱ्या साथींना माझे पहिले उत्तर हे आहे.

आता गरिबीकडे येतो, कारण आपल्या चळवळीचा तिच्याशी रोजचा संबंध आहे.

प्रशांतचंद्र महालनोबिस हे मूळचे भौतिकशास्त्राचे माणूस. केंब्रिजला ते भौतिकशास्त्र शिकले, कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात तोच विषय शिकवला आणि नंतर संख्याशास्त्राकडे वळले. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली ती त्यांच्या प्रेरणेने. घरोघर जाऊन, काय खाल्ले, काय विकत घेतले, किती खर्च केला हे विचारायचे. सगळा देश विचारता येत नाही म्हणून नमुना निवडायचा. आणि तो निवडताना पाहणाऱ्याची आवडनिवड आड येऊ नये म्हणून निवड दैवगतीवर सोपवायची. स्वतंत्र झालेल्या एका दरिद्री देशाने इतक्या मोठ्या प्रमाणावर हा उद्योग अंगावर घेतला, ही माझ्या मते त्या काळातील अभिमानाची गोष्ट आहे.

१९६३ साली लोकसभेत डॉ. राममनोहर लोहियांनी जो वाद उभा केला तो आपल्या सर्वांना पाठ आहे. देशातील २७ कोटी लोक रोज तीन आण्यांवर जगतात, असे लोहियांनी सांगितले. सरकारपक्षाने पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. हा वाद आपण पराक्रमाची कथा म्हणून सांगतो, पण त्यातील पद्धतीचा प्रश्न बाजूला राहतो. पंधरा आणे ही सरासरी होती. देशाच्या उत्पन्नाला डोक्यांनी भागले की असा आकडा निघतो. वायूच्या दाबाचा विचार करताना भौतिकशास्त्रज्ञ अशीच सरासरी घेतो आणि ती त्याला पुरते, कारण एका रेणूचा वेग दुसऱ्या रेणूच्या मालकीचा नसतो. समाजात मात्र एकाचे पंधराशे आणे हे दुसऱ्याच्या तीन आण्यांशी नात्याने जोडलेले असतात. सरासरी ते नातेच पुसून टाकते. लोहियांनी बोट ठेवले ते इथे, आणि ते बिनतोड होते.

तथापि तीन आण्यांचा आकडा बरोबर होता काय? त्यानंतर आठ वर्षांनी, १९७१ च्या जानेवारीत, पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २,२५० उष्मांक मिळण्याइतका आहार ज्या खर्चाच्या पातळीवर लोकांना प्रत्यक्षात मिळतो ती पातळी त्यांनी शोधली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ती ग्रामीण भागात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये निघाली. ग्रामीण जनतेपैकी सुमारे ४० टक्के व शहरी जनतेपैकी सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली होते. महिना १५ रुपये म्हणजे रोज आठ आणे. खेड्यांतील चाळीस टक्के लोक आठ आण्यांच्या खाली आहेत असे सांगणारी मोजणी, देशातील साठ टक्के लोक तीन आण्यांवर जगतात या विधानाशी जुळत नाही. हे मी या व्यासपीठावरून सांगतो आहे याचे काहींना वाईट वाटेल. पण लोहियांचा प्रश्न बरोबर होता आणि त्यांचा आकडा टिकला नाही, ही दोन्ही विधाने एका तोंडाने करता आली नाहीत तर शास्त्रीय हे विशेषण आपण लावू नये.

दांडेकर-रथांची रेषा तरी निसर्गाने आखलेली होती काय? पाणी कोणत्या तपमानाला उकळते हे कोणी ठरवीत नाही, ते आढळते. २,२५० उष्मांक आढळले नव्हते, ते ठरवले होते. जाणत्या माणसांनी, प्रामाणिकपणे, पण ठरवले होते. नंतर १९७९ मध्ये नियोजन मंडळाच्या अभ्यासगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरांसाठी २,१०० उष्मांक धरले. मग संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी मूळ गृहीतावरच घाव घातला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत अनेक वर्षे काम करून पुण्यास परतलेल्या सुखात्म्यांचे म्हणणे असे की एकाच माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक बदलते, शरीर काही मर्यादेत कमी अन्नाशी जुळवून घेते, म्हणून सरासरी गरजेखाली दिसणारा प्रत्येक जण उपाशी समजणे चूक आहे. त्यांच्या हिशेबाने उपाशी माणसांची संख्या पुष्कळच कमी भरत होती. यावर दांडेकर आणि सुखात्मे यांच्यात जो वाद झाला तो आमच्या विद्यार्थिदशेत आम्ही अधाशासारखा वाचला. दोघेही पुण्याचे, दोघेही गणिताला पक्के, आणि दोघांपुढेही त्याच राष्ट्रीय नमुना पाहणीचे तक्ते.

मला त्या वादातून जे कळले ते असे. शरीर किती जुळवून घेते हा निसर्गविज्ञानाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर प्रयोगाने मिळू शकते. पण माणसाने किती जुळवून घ्यावे, हा प्रश्न कोणत्याही प्रयोगशाळेत सुटणार नाही. पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी लहान पण निरोगी शरीराच्या सिद्धान्ताला जो कडवा विरोध केला तो याच ठिकाणी होता: जुळवून घेण्याची किंमत माणूस आपल्या उंचीतून, आपल्या कामाच्या ताकदीतून मोजतो. एका वाक्यात दोन प्रश्न गुंफलेले होते, एक आढळण्याचा आणि एक ठरवण्याचा. समाजाच्या अभ्यासात असे प्रश्न जवळजवळ नेहमीच गुंफलेले येतात. त्यांची गाठ सोडवून, हे आम्हाला आढळले आणि हे आम्ही ठरवले, असे उघड सांगणे ही अभ्यासकाची पहिली नीती. आमच्या व्यवसायात ती फार थोड्यांनी पाळली, आणि मी नेहमीच पाळली असे म्हणवत नाही.

इथे एक आठवण सांगतो. एम. ए. झाल्यावर एका पाहणीत अन्वेषक म्हणून मी सोलापूर जिल्ह्यातील एका गावी गेलो होतो. मजुरी करणाऱ्या एका बाईंसमोर बसून मी छापील तक्त्यातला प्रश्न विचारला, की मावशी, गेल्या तीस दिवसांत घरात ज्वारी किती लागली? त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा, कोणचा म्हैना लिवायचा? सुगीचा का हा?" मी म्हणालो, गेले तीस दिवस. त्यांनी काही पायल्या सांगितल्या. तेवढ्यात गावचे एक वजनदार गृहस्थ येऊन ओट्यावर बसले, आणि मी पुढचा प्रश्न विचारताच बाईंनी आधीचा आकडाही वाढवून सांगितला. लोकांपुढे उपाशी दिसायचे नव्हते त्यांना. ते गृहस्थ उठून गेल्यावर त्यांनीच मला विचारले, की कमी लिहिल्यावर धान्य मिळणार आहे का? तसे असेल तर आधीचे लिहा. मी तिन्हींपैकी कोणता आकडा लिहिला ते आज मला खरोखर आठवत नाही. बहुधा मधला लिहिला असेल. वरिष्ठांना त्या तक्त्यात कोणताही दोष आढळला नाही.

असले अनुभव आले की तरुण माणूस दोहोंपैकी एक टोक गाठतो. एक तर तो म्हणतो की हे सगळे थोतांड आहे. किंवा तो डोळे मिटून तक्ते भरू लागतो. तिसरा मार्ग महालनोबिस यांच्या पिढीने दाखवला होता. आठवड्याचा हिशेब विचारावा की महिन्याचा, यावर वाद घालत न बसता त्यांनी प्रयोग केला: काही घरी आठवड्याचा विचारला, काही घरी महिन्याचा, आणि काही घरी रोज प्रत्यक्ष वजन करून पाहिले. महिन्याचा हिशेब वजनाशी जास्त जुळला, म्हणून पुढे महिना धरला गेला. १९९० नंतरच्या काही फेऱ्यांत हा प्रयोग पुन्हा झाला. घरांचे दैवगतीने दोन भाग करून अर्ध्यांना अन्नाबद्दल सात दिवसांचा प्रश्न विचारला, अर्ध्यांना तीस दिवसांचा. सात दिवसांच्या प्रश्नाला खर्चाचा आकडा इतका जास्त आला की केवळ प्रश्न बदलल्याने देशातील गरिबांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली असती. एकाही माणसाच्या ताटात एकही भाकरी न वाढता!

१९९९-२००० च्या मोठ्या फेरीत मग एकाच घरी दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी विचारले गेले. गरिबांचे प्रमाण १९९३-९४ मधील ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले, असे सरकारने जाहीर केले आणि आर्थिक सुधारणांचे फळ म्हणून ते मिरवले गेले. माणसाला दोन प्रश्न जवळजवळ विचारले की तो एका उत्तराचा दुसऱ्याशी मेळ घालतो, सबब हे आकडे जुन्यांशी ताडता येत नाहीत, हे अनेक अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. लक्षात घ्या, ही लबाडी उघडकीस आली ती घोषणांनी नव्हे. आधी केलेल्या प्रयोगाची नोंद हाती होती म्हणून. निसर्गविज्ञानाकडून घेतलेली शिस्त इथे गरिबांच्या बाजूने उभी राहिली.

अलीकडे अर्थशास्त्रात प्रयोगांचा मोठा बोलबाला आहे. औषधांची चाचणी घेतात तसे गावांचे दोन गट करायचे, एका गटाला योजना द्यायची, दुसऱ्याला नाही, आणि फरक मोजायचा. या कामासाठी अभिजित बॅनर्जी, एस्थर द्यूफ्लो व मायकेल क्रेमर यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात त्यांच्यापैकी दोघांनी सहकाऱ्यांसह केलेले दोन प्रयोग मला फार बोधप्रद वाटतात. पहिल्यात बालकांच्या लसीकरणाची नियमित शिबिरे भरवली आणि काही ठिकाणी प्रत्येक लशीमागे आईला एक किलो डाळ दिली. जिथे काहीच केले नाही तिथे सर्व लशी पूर्ण झालेली बालके ६ टक्के होती, नुसत्या शिबिरांच्या गावांत १८ टक्के, डाळ दिली तिथे ३९ टक्के. उपयुक्त माहिती आहे ही, आणि तिला नाक मुरडण्याचे कारण नाही.

दुसरा प्रयोग त्याच जिल्ह्यातील आरोग्यसेविकांच्या गैरहजेरीचा. केंद्रावर वेळ नोंदवणारी यंत्रे दिली आणि गैरहजर राहिल्यास पगार कापण्याचे ठरले. पहिले सहा महिने हजेरी चांगली सुधारली. सोळा महिन्यांनंतर पाहिले तर, यंत्रे असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांत काहीच फरक उरला नव्हता. मधल्या काळात आरोग्य खात्याने 'सवलतीचे दिवस' मंजूर करीत जाऊन सगळी योजना आतून पोकळ करून टाकली होती. म्हणजे प्रयोग ज्या यंत्रणेवर चालला होता, त्या यंत्रणेने प्रयोगालाच वळण लावले. संशोधकांनी हे प्रामाणिकपणे छापले याचे मला कौतुक वाटते. अपयशी ठरलेल्या या प्रयोगातून मला यशस्वी प्रयोगापेक्षा जास्त कळले. डाळीचे किती किलो द्यावे हे प्रयोग सांगतो. खाते कोणाला जबाबदार आहे हे गावांचे दोन गट करून कळत नाही, त्यासाठी सत्तेचा इतिहास वाचावा लागतो.

हाच प्रकार दारिद्र्यरेषेच्या याद्यांचा झाला. १९९७ साली शिधावाटप सर्वांऐवजी लक्ष्यित झाले आणि तोवर अभ्यासकांच्या तक्त्यात असलेली रेषा शिधापत्रिकेच्या रंगात उतरली. २००२ च्या पाहणीत तेरा निकषांवर प्रत्येक कुटुंबाला बावन्नपैकी गुण दिले: जमीन किती, घर कसे, कपडे किती, दोन वेळचे जेवण मिळते का. कमी गुण तो गरीब. निकष कोणते हे गावात कळायला कितीसा वेळ लागणार? ज्यांचे पंचायतीत वजन होते त्यांचे गुण कमी झाले आणि ज्यांना विचारणारे कोणी नव्हते त्यांचे वाढले, हे आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. याउलट १९७२ च्या दुष्काळातून वर आलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्क बनलेली आपली महाराष्ट्राची रोजगार हमी आठवा. तिला दारिद्र्यरेषेची यादी लागली नाही. उन्हात खडी फोडायला जो येईल त्याला काम द्यायचे. येणारा माणूस आपली गरज आपणच जाहीर करीत होता. वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेल्या या योजनेत व्यवहारातले शहाणपण होते, आणि मी म्हणेन की एक चांगले समाजशास्त्रही होते.

आता पहिल्या साथींकडे वळतो, ज्यांना समाजाचे नियम आधीच ठाऊक आहेत. ग्रहण केव्हा लागणार हे पंचांगात छापल्याने चंद्र आपला मार्ग बदलत नाही. पण पेढी बुडणार असे भाकीत पसरले तर धडधाकट पेढीसुद्धा बुडते, आणि तुटवड्याच्या भाकिताने व्यापारी धान्य कोंडतो. समाजाबद्दलचे भाकीत समाजात शिरते आणि तिथली एक शक्ती बनते. मार्क्सचे भाकीतही याला अपवाद नव्हते. ते वाचून कामगार संघटित झाले आणि ते वाचूनच शहाण्या भांडवलदारांनी निवृत्तिवेतन आणि विमा मान्य केला. म्हणून भाकीत लोहनियमासारखे धरून बसणे, ही शास्त्राची रीत नव्हे.

स्वतःला शास्त्रीय म्हणवणाऱ्यांनी काय केले याचे एक उदाहरण आपण कधी विसरू नये. सोव्हिएत संघाने जानेवारी १९३७ मध्ये जनगणना केली. लोकसंख्या सुमारे १६ कोटी २० लाख भरली. राज्यकर्त्यांनी अपेक्षिलेल्या आकड्याहून ती फारच कमी होती, कारण १९३२-३३ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली होती. मग मेलेल्यांचा हिशेब कोणी विचारला नाही. जनगणनाच सदोष ठरवून दडपली गेली, संख्याशास्त्रज्ञांना अटक झाली, काहींना गोळ्या घातल्या. इकडे आपल्या लोकशाहीत गोळ्या घालीत नाहीत. २०१७-१८ च्या खर्चाच्या पाहणीचे निष्कर्ष वर्तमानपत्रात फुटले आणि त्यांत ग्रामीण भागाचा खर्च घटल्याचे दिसले, तेव्हा नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने माहितीच्या दर्जाचे कारण सांगून तो अहवाल प्रसिद्धच केला नाही. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. आणि जानेवारी २०२४ मध्ये नीती आयोगाने नऊ वर्षांत सुमारे २५ कोटी लोक बहुआयामी दारिद्र्यातून बाहेर आल्याचे सांगितले. त्या हिशेबाच्या बारा निकषांत बँकेतील खाते हा एक निकष आहे. खात्यात किती पैसे आहेत, हे त्यात विचारायचे नसते. ज्याला आकडे सत्तेच्या बाजूचे वाटतात त्याने सांगावे, सत्ता मग त्यांना इतकी का घाबरते?

राहिला तो मूळ अडथळ्याचा प्रश्न. मोजला जाणारा माणूस ऐकतो, समजतो, उत्तर बदलतो, अर्ज धाडतो. समाजशास्त्राचा हा कायमचा दोष मानला गेला आहे, कारण भौतिकशास्त्रात तो नाही. माझे म्हणणे उलट आहे. बोलणारा विषय ही एक सोय आहे, भौतिकशास्त्राला ती नाही. आणि आपण ती वापरीत नाही. २ डिसेंबर १९९४ रोजी राजस्थानातील पाली जिल्ह्यात कोट किराना या गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई भरवली. सरकारी कामांची मस्टरे आणि बिले गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली. ज्यांच्या नावावर मजुरी उचलली होती ती माणसे समोर बसलेली होती आणि, आम्ही या कामावर गेलोच नाही, असे सांगत होती. कागदावरचे विधान, त्याची उघड तपासणी आणि तपासणीत खोटे ठरणे: विज्ञानाची पद्धत याहून वेगळी काय असते? फरक एवढाच की इथे तपासणी ज्यांची मोजणी झाली त्यांनीच केली. माहितीच्या अधिकाराला आणि २००५ च्या रोजगार हमी कायद्यातील सामाजिक अंकेक्षणाला बळ मिळाले ते अशा सभांतून.

तेव्हा पाच गावांची पाहणी जरूर करा. घरे निवडताना आपल्या ओळखीची घरे निवडू नका. गावच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडा, मग त्यात पक्षाचा विरोधक निघाला तरी चालेल. एकदा आषाढात विचारा आणि एकदा सुगी संपल्यावर, म्हणजे त्या मावशींच्या प्रश्नाला थोडेतरी उत्तर मिळेल. बाईमाणसांशी बोलायला आपल्या साथी भगिनी जाव्यात आणि त्या वेळी ओट्यावर कोणी गृहस्थ बसू नयेत. मजुरीचा दर विचारताना धान्यात मिळालेली मजुरी वेगळी लिहा. आपण काय ठरवून घेतले आहे ते पहिल्या पानावर मांडा. आणि तक्ते तयार झाले की ते आमच्यासारख्या निवृत्त प्राध्यापकाकडे किंवा साप्ताहिकाकडे धाडण्याआधी त्याच गावात, नावे न घेता, चावडीपुढे मोठ्याने वाचा. तिथे कोणी उठून म्हणाले, की हे आमच्या घरचे नव्हे, तर रागावू नका. तो आक्षेप वहीत तारीख घालून लिहून घ्या. पहिली फेरी आषाढात निघणार असेल तर मीही येईन. गुडघे साथ देतील तिथवर.